लांब केसांच्या कुत्र्याचा हॉट स्पॉट: घरी काय करायचं, डॉक्टरांकडे कधी न्यायचं

सकाळी अंगावरून हात फिरवला तेव्हा काहीच नव्हतं आणि संध्याकाळी कानाखाली केसांचा एक ओला, चिकट पुंजका हाताला लागतो. वास येतो. केस बाजूला करायला गेलं की कुत्रा मान झटकतो, एरवी कधी न गुरगुरणाराही गुरगुरतो. हॉट स्पॉट, म्हणजे त्वचेवर झपाट्याने पसरणारा ओला, खाजरा चट्टा, बहुतेक वेळा असाच कळतो. आखूड केसांच्या कुत्र्यावरचा लाल चट्टा लांबूनही दिसतो. गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, सेंट बर्नार्ड, न्यूफाउंडलंड अशा दाट कोटाच्या (म्हणजे अंगभर दाट केसांच्या) कुत्र्यांत मात्र तो नजरेला पडेपर्यंत चांगला तळहाताएवढा झालेला असतो. वरून दिसतो त्यापेक्षा तो केसांखाली बराच जास्त पसरलेला आहे, असं धरूनच चाला.

नवीन पालकांचा हात आधी मलमाकडे जातो. या उपचारात मलमाचा नंबर सगळ्यात शेवटचा. केस कापणं, जखम कोरडी करणं आणि कुत्र्याची जीभ व नखं तिच्यापासून लांब ठेवणं, ही तीन कामं नीट झाली तर साधा हॉट स्पॉट बऱ्याचदा मलमाशिवायही सुकतो. ती झाली नाहीत तर कितीही चांगलं मलम केसांवरच राहतं, नाहीतर चाटून पोटात जातं.

नेमकं होतं काय

कुत्र्याला एका जागी खाज सुटते किंवा दुखतं. तो तिथे चाटतो, खाजवतो, पुढच्या दातांनी कुरतडतो. त्वचेचा वरचा थर सोलवटतो आणि लस झिरपायला लागते. ही लस केसांना चिकटून वाळते, वर एक झाकण तयार होतं आणि त्याखाली ओल कोंडते. त्वचेवर एरवीही निमूटपणे राहणाऱ्या जिवाणूंना, मुख्यतः स्टॅफिलोकोकस स्यूडइंटरमीडियसला, उबदार आणि ओली जागा मिळते. मग खाज आणखी वाढते, कुत्रा आणखी चाटतो. हे चक्र काही तासांतच फिरतं. दमट आणि गरम हवेत तर फारच वेगाने.

दाट कोटात दोन थर असतात: वरचे लांब, जाड केस आणि आतली मऊ, दाट लव. पोहून किंवा आंघोळ करून आल्यावर वरचे केस लवकर सुकतात, पण लव कितीतरी वेळ ओलीच राहते. गुंता झाला असेल तर तिथे हवाही पोहोचत नाही. म्हणून कानामागे, गळपट्ट्याखाली, मांडीच्या मागच्या झुलीत आणि शेपटीच्या बुंध्याशी असे चट्टे जास्त दिसतात.

हात लावण्याआधी ठरवा: हे घरचं काम आहे का?

काही हॉट स्पॉट घरी हाताळायचे नसतात. डोळ्याजवळचा किंवा थेट कानाच्या तोंडाशी असलेला, तळहातापेक्षा मोठा, एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी आलेला, खोल भोक किंवा पू दिसणारा चट्टा असेल तर सरळ पशुवैद्याकडे जा. कुत्रा मलूल आहे, खात नाही, ताप आहे (कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण ३८ ते ३९.२ अंश सेल्सियस असतं, म्हणजे माणसापेक्षा थोडं जास्त), पिल्लू आहे किंवा मधुमेहासारखा जुना आजार आहे, तरीही तेच करा. आणि जखमेत अळ्या दिसल्या तर एक तासही थांबू नका. उन्हाळी हवेत, गुंतलेल्या आणि मळलेल्या कोटात माश्या अंडी घालतात आणि अळ्या जिवंत मांस पोखरत जातात. ते काम बेशुद्धीचं औषध देऊन क्लिनिकमध्येच होतं.

आणखी एक प्रामाणिक प्रश्न स्वतःला विचारा: तुमचा कुत्रा दुखत्या जागी हात लावू देतो का? ताजा हॉट स्पॉट फार दुखतो. पाठीवर मुलांना बसू देणारा शांत कुत्राही अशा वेळी चावू शकतो, आणि त्यात त्याची चूक नसते. बास्केट मझल (तोंडाला लावायची जाळी) घालायची सवय आधीपासून असेल तर उत्तम. नसेल आणि तो दात दाखवत असेल, तर झटापट करू नका. क्लिनिकमध्ये हलकी भूल देऊन हेच काम दहा मिनिटांत होतं.

पहिलं काम: केस काढणं

इथेच लोक कचरतात. इतके सुंदर केस, त्यात हे भगदाड! पण हवा लागल्याशिवाय जखम सुकणार नाही, आणि केस कापल्याशिवाय हवा लागणार नाही.

इलेक्ट्रिक क्लिपर वापरा, १० नंबरचं ब्लेड पुरतं. कात्री नको. लसीने चिकटलेला पुंजका उचलला की खालची त्वचाही त्याच्याबरोबर तंबूसारखी वर येते, आणि कात्रीच्या पात्यात केसांबरोबर तीही सापडते. टाके घालायला आलेले कितीतरी कुत्रे मुळात हॉट स्पॉटचे किंवा गुंत्याचे असतात.

जखमेवर आधी पाण्यात विरघळणारी वंगण जेली लावली की कापलेले बारीक केस तिला चिकटतात आणि नंतर धुऊन निघतात. चट्ट्याच्या कडेपासून सुरुवात करा. पुंजका कडक असेल तर कोमट पाण्यात भिजवलेला गॉज पाच मिनिटं ठेवा, सैल झाला की कापा. वरचं झाकण निघालं की खाली आधी चकचकीत, गुलाबी-लाल, ओली त्वचा दिसते, तिच्यावर कधी पिवळसर पापुद्रा असतो. थोडं पुढे सरकलं की अजूनही ओलच, अजूनही लालच. थांबू नका. एका रेषेवर लाली संपते आणि कोरडी, फिकी, निरोगी त्वचा लागते. त्या रेषेच्याही पुढे २ ते ३ सेंटिमीटर सगळीकडून केस काढा. शेजारचे लांब केस पुन्हा जखमेवर पडत असतील तर तेही आखूड करा.

ब्लेड दर मिनिट-दोन मिनिटांनी मनगटाला लावून पाहा. तापलेलं ब्लेड सोललेल्या त्वचेला भाजतं, आणि मग तीच जागा तो दुप्पट चाटतो. काम झाल्यावर ब्लेड जंतुनाशकाने पुसून ठेवा.

केस काढल्यावर कडेच्या निरोगी भागावर बारीक लाल पुळ्या किंवा पुवाचे ठिपके दिसतायत का, ते नीट बघा. बोटाने चाचपून जाडसरपणा लागतो का, तेही पाहा. मुख्य चट्ट्याच्या आजूबाजूला असे ठिपके असणं ही महत्त्वाची खूण आहे. याचा अर्थ संसर्ग केसांच्या मुळांत उतरला आहे. तरुण गोल्डन रिट्रीव्हर आणि सेंट बर्नार्डमध्ये, विशेषतः गाल आणि मानेवर, हा प्रकार पुष्कळ दिसतो. वरून हॉट स्पॉटच वाटतो, पण उपचार वेगळा आहे: पोटातून अँटिबायोटिक लागतं आणि स्टिरॉइडने तो बिघडू शकतो. फोटो काढा, शेजारी एखादं नाणं ठेवा म्हणजे आकार कळेल, आणि डॉक्टरांना दाखवा.

दुसरं: धुणं

क्लोरहेक्सिडिनचं पातळ द्रावण सगळ्यात भरवशाचं. उघड्या जखमेसाठी ०.०५ टक्के पुरे. बाटलीवर २ टक्के लिहिलं असेल तर त्यातलं २५ मिली घेऊन स्वच्छ पाण्याने एकूण १ लिटर करा. बाटली ४ टक्क्यांची असेल तर त्याच्या निम्मं. घेताना बघून घ्या, कारण 'स्क्रब' नावाने मिळणाऱ्या बाटलीत साबण असतो, तो उघड्या जखमेवर नको. क्लोरहेक्सिडिन डोळ्यात आणि कानाच्या आत जाता कामा नये. डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक पडद्याला (कॉर्नियाला) ते इजा करतं, आणि कानाचा पडदा फाटलेला असेल तर ऐकण्यालाही.

ते नसेल तर १० टक्के पोव्हिडोन आयोडीन पाण्यात फिक्या काळ्या चहाच्या रंगाचं होईपर्यंत पातळ करून वापरा. दोन्ही एकत्र करू नका. काहीच हाताशी नसेल तर अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ, हेही पहिल्या दिवशी चालतं.

द्रावणात भिजवलेला गॉज चट्ट्यावर दोन-तीन मिनिटं नुसता ठेवा, घासू नका. पापुद्रा आपोआप सुटेल तेवढाच उचला. कापूस वापरू नका, त्याचे धागे ओल्या जखमेत अडकून बसतात. सूज आणि आग जास्त असेल तर गार पाण्याची पट्टी पाच-दहा मिनिटं ठेवल्याने कुत्र्याला लगेच बरं वाटतं. पुष्कळदा तो तेवढ्यात डोळेही मिटतो.

तिसरं: सुकवणं

धुतल्यावर कोरड्या गॉजने टिपून घ्या आणि जागा उघडी ठेवा. ड्रायर लावायचा तर फक्त गार हवेवर. पट्टी बांधायचा मोह आवरा: कोंडलेली ओल हेच तर मूळ दुखणं आहे. अंगात घालायचे कपडे किंवा टी-शर्ट याच कारणाने पहिल्या दोन दिवसांत टाळलेले बरे.

धुणं-सुकवणं दिवसातून दोन ते तीन वेळा. डॉक्टरांनी स्प्रे किंवा जेल दिलं असेल तर ते सुकल्यानंतर, पातळ थरात. घट्ट तेलकट मलमं, पेट्रोलियम जेली, कुठलंही तेल किंवा जाड लेप यांच्याखाली ओल अडकते.

चौथं: कोन, आणि त्याबद्दलची दया

केस कापून, धुऊन सुकवलेली जखम कुत्रा पाच मिनिटांत चाटून पहिल्यासारखी करू शकतो. 'कुत्र्याच्या लाळेने जखम भरते' हे मनातून काढून टाका. खरखरीत जीभ आणि तोंडातले जिवाणू दोन्ही इथे नडतात. कोन, म्हणजे गळ्यात घालायची शंकूसारखी कॉलर, चोवीस तास राहिला पाहिजे. जेवताना काढावा लागला तर समोर बसा. रात्री 'बिचारा झोपू दे' म्हणून काढला की सकाळी पुन्हा शून्यापासून सुरुवात.

कोनाची कड नाकाच्या टोकापेक्षा काही सेंटिमीटर पुढे हवी. मानेशी दोन बोटं सहज जावीत. दाट केसांच्या कुत्र्यात मानेवरचे केस दाबून मग माप घ्या, नाहीतर तो पंजाने ओढून काढतो. फुगवायची कॉलर मिळते ती पाठीसाठी ठीक, पण लांब तोंडाच्या कुत्र्याला ती घालूनही शेपूट आणि मागचे पाय गाठता येतात.

गालावरचा किंवा मानेवरचा चट्टा ही वेगळी गोष्ट. तो जिभेने झालेलाच नसतो, मागच्या पायाच्या नखांनी होतो. कोनाने खाजवणं बरंच अडतं, पण कोनाची मानेजवळची कडाच जखमेला घासत असेल तर डॉक्टरांना विचारून दुसरी सोय करा. त्या बाजूच्या मागच्या पायाची नखं कापून बोथट करा आणि लक्ष असताना पायात सुती मोजा घाला. गळपट्टा काढून ठेवा, फिरायला नेताना हार्नेस वापरा.

हे लावू नका, हे देऊ नका

हायड्रोजन पेरॉक्साइड आणि स्पिरिट: आग होते आणि नवी त्वचा तयार करणाऱ्या पेशीही मरतात. घरातली फिनॉलयुक्त जंतुनाशकं नकोत. 'नैसर्गिक' म्हणून विकलं जाणारं टी ट्री ऑइल कुत्र्यांना विषारी आहे. लहान बाळांच्या रॅशवरच्या क्रीममध्ये झिंक ऑक्साइड असतं, ते चाटून पोटात गेलं तर त्रास होतो. सोरायसिसवरच्या काही मलमांत कॅल्सिपोट्रिऑल असतं, त्याची थोडीशी मात्राही कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते. अशा ट्यूब घरात असतील तर कुत्र्याच्या तोंडाला लागणार नाहीत अशा ठेवा.

दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक मनाने द्यायचं नाही. खाज थांबावी म्हणून सर्दीची मिश्र गोळी तर अजिबात नाही. मागच्या वेळी उरलेलं अँटिबायोटिकही नाही. स्टिरॉइडचं जुनं मलम हाताशी असेल तर तेही थांबवा: तो चट्टा खरं तर नायट्याचा निघाला, तर ते खतपाणी घालण्यासारखं होईल.

डॉक्टर काय देतील

खाज आवाक्यात आणायला बहुतेक वेळा थोड्या दिवसांचं स्टिरॉइड, पोटातून किंवा स्प्रेमधून. एक वर्षावरच्या कुत्र्यात ऑक्लासिटिनिब नावाची गोळीही देतात, तिचा परिणाम काही तासांत दिसतो. स्टिरॉइड चालू असताना कुत्रा जास्त पाणी पितो, जास्त लघवी करतो, सतत भुकेला असतो. घाबरू नका, पण बाहेर नेण्याच्या फेऱ्या वाढवा. वेदनेवरचं दुसरं औषध आधीच चालू असेल तर ते डॉक्टरांना सांगा. स्टिरॉइड आणि वेदनाशामक एकत्र दिलं तर पोटात अल्सर होऊ शकतो.

वरवरच्या हॉट स्पॉटला अँटिबायोटिकच्या गोळ्या सहसा लागत नाहीत. डॉक्टरांनी त्या लिहिल्या नाहीत म्हणून नाराज होणारे पालक दिसतात. माझ्या मते तो चांगल्या डॉक्टरचा गुण आहे. मेथिसिलिन या अँटिबायोटिकला न जुमानणारे स्टॅफिलोकोकस आता कुत्र्यांतही आढळतात, आणि विनाकारण दिलेली प्रत्येक गोळी त्यांना वाट करून देते. संसर्ग मुळांत उतरला असेल तेव्हा मात्र कोर्स लागतो, तो मधेच सोडायचा नाही आणि शेवटी पुन्हा दाखवायचं.

बरं होतंय हे कसं ओळखायचं

पहिल्या २४ ते ४८ तासांत लस थांबली पाहिजे आणि जागा बोटाला कोरडी लागली पाहिजे. कडा आत सरकायला लागतात. लालभडक रंग आधी फिका गुलाबी होतो, मग पातळ खपली धरते. साधारण आठवडाभरात खपली आपोआप सुटते. ती नखाने काढू नका. या सुमाराला पुन्हा खाज येते, म्हणून कोन काढायची घाई इथेच महागात पडते.

पेनाने कडेवर बारीक खूण करून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी लाली खुणेच्या बाहेर गेली, किंवा दोन दिवसांनंतरही जागा ओलीच राहिली, तर घरचे उपाय थांबवून क्लिनिक गाठा.

आता खरा प्रश्न: खाज सुटली कशाने?

जागा पुष्कळ काही सांगते. कंबर, शेपटीचा बुंधा आणि मांड्यांच्या मागची बाजू असेल तर आधी पिसवा शोधा. पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला दोन-चार चावेही पुरतात, त्यामुळे 'एकही पिसू दिसली नाही' याला अर्थ नाही. बारीक दातांची फणी कंबरेवरून त्वचेला टेकवून फिरवा आणि निघालेला कचरा ओल्या पांढऱ्या कागदावर झटका. काळे कण तसेच राहिले तर ती माती. त्यांच्याभोवती तांबूस-तपकिरी डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त.

पिसवा निघाल्या तर घरातल्या सगळ्या प्राण्यांना एकदमच औषध, आणि किमान तीन महिने न चुकता. अंगावरच्या पिसवा हा थोडा भाग असतो. अंडी, अळ्या आणि कोश गालिच्यात, अंथरुणात, फटींत असतात, आणि कोशातल्या पिसूपर्यंत फवारणी पोहोचत नाही. अंथरूण गरम पाण्यात धुवा, रोज व्हॅक्यूम करा. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन असलेलं कुत्र्याचं औषध वापरू नका, ते मांजराला मारक आहे. झटके येणाऱ्या कुत्र्याला फ्लुरालेनर किंवा अफॉक्सोलेनर गटातल्या पिसवांवरच्या गोळ्या देण्याआधी डॉक्टरांना तसं सांगा. कोली, शेल्टी, ऑस्ट्रेलियन शेफर्ड यांच्यात एक जनुकीय दोष बऱ्याच प्रमाणात असतो, त्यामुळे जास्त मात्रेतलं आयव्हरमेक्टिन (परजीवींवरचं औषध) थेट मेंदूवर परिणाम करतं. मनाने इंजेक्शन आणून टोचायचा प्रकार या जातींत जीवघेणा ठरू शकतो.

चट्टा कानाखाली किंवा गालावर असेल तर कान उघडून बघा. आत लाली, तपकिरी मळ, आंबूस वास असेल तर मूळ तिथे आहे. गुदाजवळ असेल आणि कुत्रा ढुंगण जमिनीला घासत असेल तर गुदग्रंथी तपासून घ्या. वयस्कर कुत्रा नितंबाच्या एकाच बाजूला पुन्हा पुन्हा चाटत असेल तर त्वचेपेक्षा खुबा दुखत असण्याची शक्यता जास्त. तिथे सांध्यावरचा उपचार सुरू झाला की चाटणं कमी होतं. बोटांमध्ये किंवा पंजावर एकच फुगीर, ओलं भोक असेल तर गवताचं कुसळ रुतलेलं असू शकतं, आणि ते काढल्याशिवाय कुठलंही औषध लागू पडत नाही.

यातलं काहीच नसेल आणि दर वर्षी त्याच मोसमात त्रास होत असेल तर वातावरणातल्या घटकांची ॲलर्जी. बारा महिने होत असेल तर आहाराचाही विचार करावा लागतो. आहाराची चाचणी म्हणजे डॉक्टरांनी ठरवलेलं एकच अन्न किमान आठ आठवडे, मधे एक बिस्किटही नाही. घरातले सगळे तयार नसतील तर सुरूच करू नका. कंटाळा हेही कारण सांगतात. असतं कधीकधी, पण बाकी सगळं तपासून झाल्यावरच त्याला दोष द्यावा.

केसांखाली लपणारे इतर संसर्ग

प्रत्येक चट्टा हॉट स्पॉट नसतो. वरवरच्या जिवाणू संसर्गात (पायोडर्मा) पुळ्या येतात, फुटतात आणि मागे गोल, कडेने साल निघालेली वर्तुळं राहतात. लांब केसांत हे दिसत नाही. दिसतो तो निस्तेज कोट, भरपूर कोंडा आणि केस ओढल्यावर मुळाशी खपलीसकट निघणारे झुपके. पोटावर, जिथे केस विरळ असतात, तिथे आधी बघा.

यीस्टच्या, म्हणजे मॅलासेझियाच्या संसर्गाचा वास एकदा ओळखला की विसरत नाही: कुबट आणि तेलकट. केस चिकट होतात, पंजांमधले केस तपकिरी पडतात, जुना झाला की काखेत आणि मानेखाली त्वचा काळी आणि हत्तीच्या कातडीसारखी जाड होते.

नायटा म्हणजे बुरशी. केस तुटून गोल टक्कल पडतं, खाज असेलच असं नाही. यॉर्कशायर टेरियरमध्ये तो हट्टी असतो. माणसांनाही होतो, म्हणून हातमोजे घाला आणि घरातल्या लहान मुलांना काही दिवस लांब ठेवा. कानाच्या कडा आणि कोपरांवर प्रचंड खाज, खपल्या, आणि घरातल्या माणसांच्या हातावरही पुरळ असेल तर खरजेचा माइट (अगदी सूक्ष्म किडा) आठवा.

डोळ्यांनी बघून यांतला फरक सांगणं डॉक्टरांनाही जमेलच असं नाही. काचपट्टी त्वचेवर दाबून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली की जिवाणू आहेत की यीस्ट, ते तिथल्या तिथे कळतं. संसर्ग परत परत येत असेल तर कल्चर चाचणी (जिवाणू वाढवून त्यांना कोणतं औषध लागू पडतं ते बघणं) करून मगच अँटिबायोटिक निवडा.

औषधी शाम्पू लांब केसांत पोहोचवायचा कसा

जिवाणू संसर्गावर २ ते ४ टक्के क्लोरहेक्सिडिनचा शाम्पू, यीस्ट असेल तर क्लोरहेक्सिडिन आणि मायकोनाझोल २-२ टक्के, सुरुवातीला आठवड्यातून दोन-तीनदा. एवढं बहुतेकांना सांगितलेलं असतं. तो केसांवरच फेसाळून धुतला जातो, ही अडचण कोणी सांगत नाही.

आधी विंचरा. गुंता तसाच भिजवला तर तो आवळून गच्च होतो आणि सुकतही नाही. धातूची फणी त्वचेपासून टोकापर्यंत न अडकता गेली पाहिजे. नुसता ब्रश वरवर फिरवून काम होत नाही. मग कोमट पाण्याने इतकं भिजवा की भांग पाडल्यावर त्वचा ओली दिसेल. दाट कोटात याला पाच मिनिटं सहज लागतात. शाम्पू थोड्या पाण्यात पातळ करा, भांग पाडत पाडत बोटांच्या पेरांनी त्वचेला लावा. सगळ्या अंगाला लागल्यावर घड्याळ लावा: दहा मिनिटं. त्याआधी धुतला तर औषधाला काम करायला वेळच मिळाला नाही. नंतर पाणी अगदी स्वच्छ येईपर्यंत धुवा. उरलेला शाम्पूही खाज आणतो.

टॉवेलने दाबून पाणी काढा, मग ड्रायरच्या गार किंवा जेमतेम कोमट हवेने उलट्या दिशेने केस उडवत लव मुळापर्यंत सुकवा. काख, जांघ आणि कानामागे हात घालून खात्री करा. गळपट्टा कोरडा झाल्यावरच परत घाला. वारंवार आंघोळ असेल तर त्वचेवर टाकायचं पिसवांचं औषध धुऊन जातं, त्यामुळे त्या काळात गोळी बरी. दोन आंघोळींच्या मधे स्प्रे किंवा फोम वापरता येतो.

उन्हाळा आला की दुहेरी कोटाचा कुत्रा पूर्ण भादरून टाकायचा सल्ला हमखास मिळतो. मी तो देत नाही. सैल लव काढून टाकणं, जांघेतले आणि गुदाभोवतीचे केस आखूड ठेवणं एवढ्याने हवा खेळते. हस्की, समॉयेड, चाउ चाउ यांच्यात तर भादरलेल्या जागी केस यायलाच वर्ष लागू शकतं.

हॉट स्पॉटसाठी कापलेल्या भगदाडाचंही तसंच. आधी लव येते, वरचे लांब केस महिन्यांनी येतात, आणि नवे केस काही काळ गडद रंगाचे असू शकतात. जखम केव्हाच भरली आहे, खाज नाही, तरीही बरेच महिने तिथे काहीच उगवत नसेल, कुत्रा सुस्त झाला असेल आणि खाणं तेवढंच असून वजन वाढत असेल, तर पुढच्या भेटीत थायरॉइडची रक्ततपासणी करायला सांगा.